कापसाचा तंतू

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. चष्मा घालवायला लेझर करून दोन महिने झाले, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, म्हणून दुपारनंतर टाके धूसर दिसणं हे मनाचे खेळ, असं डॉक्टर म्हणतात? आणि शिवणाच्या दुकानातले मास्तर तुला मशीनवरून उठवून घड्या घालायला बसवणार? मुळीच उठू नकोस!

लेझरआधी बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलतात, तेव्हा बारीक नसा कापल्या जातात. जखम भरायला लागणारं खतपाणीही त्याच नसा पुरवतात. त्या वाढेपर्यंत डोळ्याला कोरडेपणा कळत नाही, पापणी कमी लवते. आमच्या प्रयोगशाळेत कापसाचा तंतू डोळ्याला लावून संवेदना बघतात. डॉक्टरांना तसं बघायला लाव. शाळा सोडून मला पदवीपर्यंत पोचवणाऱ्या बहिणीला कुणी खोटं पाडलेलं मी खपवून घेणार नाही.

माया असू दे, हट्ट त्याहून जास्त.
तुझी धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावू नकोस. शिंपिणीला धाग्याचा काय तोटा? पांढरं रीळ घेतलं, सुईत ओवताना करते तसं टोक ओठांत ओलं केलं आणि आरशात बघून डोळ्याला लावलं. उजव्याला काहीच कळलं नाही.

हे ऐकून डॉक्टर केवढे ओरडले! ओरडून झाल्यावर मी म्हणाले की आता तुमच्या कापसाने बघा, त्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. त्यांनी बघितलं. संवेदना कमी, असं केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं, थेंब बदलले. तो कागद मास्तरांपुढे ठेवून मी मशीनवर बसले. एक शिवण संपली की डोळे मिटते. मास्तर बघतात, बघू देत.

जीव लाव, दम कमी दे.
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थुंकी लावलेला धागा डोळ्यात! जखम झाली असती तरी तुला कळलं नसतं, बाई. पुन्हा असं केलंस तर रीळ जप्त करीन. नसा कधी वाढतील, पूर्ण वाढतील का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तोवर मशीन सोडू नकोस, एवढंच सांगते.

रागावलेली, तरी तुझीच
धाकटी

९ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला कापूस लावला आणि मी खुर्चीतून उडालेच. डोळ्यातून घळाघळा पाणी! ते बिचारे घाबरून माफी मागायला लागले.

मी म्हणाले, पुन्हा लावा.

तुझीच,
मशीनवरची ताई