मास्तरीणबाईंचा पुढचा डावा पाय

७ फेब्रुवारी, शनिवार

घोडेस्वारीचा सहावा आठवडा पूर्ण. प्रगती अपेक्षेपेक्षा वेगवान. (अपेक्षा माझी. कोचबाईंची मुळातच कमी आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.)

वय एकोणपन्नास, वजन चौऱ्याऐंशी, व्यवसाय दातांचा डॉक्टर. वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून वाकून पाठीचं प्रश्नचिन्ह झालं होतं, म्हणून हा छंद लावून घेतला. घोड्यावर बसलं की कणा आपोआप ताठ होतो. भीतीनेही होतो, असं बायकोचं मत. बायको शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे सोडून दिलं.

मला दिलेली घोडी क्लबमधली सगळ्यात जुनी. वय एकोणीस. कागदोपत्री नाव मोठं भारदस्त आहे, पण सगळे मास्तरीणच म्हणतात, कारण इथल्या निम्म्या लोकांना तिनेच बसायला शिकवलंय. चाल संथ. माझ्या मते तिच्यात अजून बरीच धमक आहे. फक्त आजवर तोलामोलाचा स्वार मिळाला नव्हता.

मुलांच्या वर्गासाठी मैदानात एक आडवा बांबू लावलेला असतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर. कोचबाई म्हणाल्या, डॉक्टर, तिकडे बघायचंसुद्धा नाही, तुमची अजून दुडकी चाल बसलेली नाही. मी नुसतं बघितलं. बघायला काय जातंय.

संकल्प: उद्या शिस्तीत शिकायचं. आगाऊपणा करायचा नाही.

ता. क. कोचबाई साडेआठला फोन घ्यायला ऑफिसात जातात. पाच मिनिटं तरी लागतात.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

डावं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. उजवा हात शाबूत, म्हणून नोंद करतोय.

घटना: सकाळी ८.३५. गवताच्या गंजीवर झाकलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला. घोडी बुजली आणि बांबूच्या दिशेने धावत सुटली. मी शेवटपर्यंत ताबा सोडला नाही. मग सोडला.

घोडीच्या पुढच्या डाव्या पायाला लागलंय. किती, ते अजून कळलेलं नाही.

कोणीतरी ओरडलं, डॉक्टरांना बोलवा. मी जमिनीवर पडल्या पडल्या 'आलो, आलो' म्हणालो. सवय. त्यांना जनावरांचे डॉक्टर हवे होते.

वारा होता. फार नाही, पण होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

दवाखाना बंद. सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकलायला सांगितल्या. रूट कॅनलवाल्या एका पेशंटला स्वतः फोन केला. माणूस इतका मनापासून खूश झाला की शेवटी त्याला आठवण करून द्यावी लागली, हात माझा मोडलाय.

भेटायला येणाऱ्यांना हकिकत सांगतोय. सकाळी शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा कागद टेबलाएवढा होता. संध्याकाळी साडू आले तोवर तंबूएवढा झाला. सांगताना तपशील आठवत जातात, असं होतं.

कोचबाईंचा फोन. घोडीच्या पायामागची जाड शीर दुखावली आहे. पाय सुजलाय. तीन आठवडे जागेवर उभी ठेवायची, रोज दोनदा वीस-वीस मिनिटं पायावर गार पाणी सोडायचं. पुढे पाठीवर माणूस घेईल का, ते आज सांगता येत नाही म्हणाल्या.

मग विचारलं, कागद उडताना तुम्ही नक्की पाहिलात? मी म्हणालो, पाहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, बाई, आमच्या व्यवसायात नजरच तर महत्त्वाची.

भीती वगैरे अजिबात बसलेली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

क्लबमध्ये एक मोतद्दार आहेत. घोड्यांची देखभाल करतात. साठीचे असतील, बोलणं कमी. मास्तरीण गेली चौदा वर्षं त्यांच्याच हाताखाली. गंजी झाकणं हेही त्यांचंच काम.

कोचबाई म्हणाल्या, त्यांच्याकडून घोडी काढून घेतली आहे. आता फाटकावर बसतात. हलगर्जीपणा खपवून घेतला तर उद्या एखादं मूल पडेल.

मी 'हं' म्हणालो.

क्लबच्या अंतर्गत कारभारात बाहेरच्या माणसाने लुडबुड करू नये.

जेवण गेलं नाही. औषधांमुळे असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

घोडीला बघून यायचं ठरवलं. चालत निघालो. फाटकाच्या अलीकडच्या वळणावर लीद आणि गवताचा वास आला. धुळीने प्लास्टर खराब होतं, हे ऐन वेळी लक्षात आलं. परतलो.

येताना दुकानाबाहेर मुलांचा यंत्रावरचा घोडा डुलत होता. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. पलीकडे सावली होती.

संकल्प: पुढच्या रविवारी नक्की.

२२ फेब्रुवारी, रविवार

शिंक आली. घोड्यांना सर्दी लागू शकते. नाही गेलो.

१ मार्च, रविवार

बायको गेले दोन आठवडे शाळा सुटल्यावर परस्पर क्लबमध्ये जाते, हे आज कळलं. माझ्या नावाने गाजरं नेते. घोडीच्या पायावर नळीने पाणी सोडायला दुसरं कोणी मोकळं नसतं म्हणून तेही तीच करते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुम्हाला वेळ नव्हता ना, तुम्ही शिंकत होतात.

बरं केलं. घरातल्या एकाने जाणं पुरेसं आहे.

मग न विचारता पुढचं सांगत बसली. मोतद्दारांना घोडीजवळ जायची परवानगी नाही. ते फाटकावरून हाताने खुणा करून सांगतात, नळी जरा खाली, पाणी हळू. ही तसं करते. दिवसभरात वेळ मिळाला की ते गंजीकडे जातात आणि कागदाच्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधतात. प्रत्येक गाठ दोनदा. थोडं लांब जातात, परत येऊन ओढून बघतात.

तिने त्यांना विचारलं होतं, त्या दिवशी खरंच सैल राहिली होती का. ते म्हणाले, मला तर आठवतंय पक्की बांधली होती. पण माझीच चूक असणार. डॉक्टर कशाला खोटं बोलतील.

बायको इतकं सांगून कणीक मळायला गेली.

संध्याकाळपासून उजवीकडची खालची दाढ दुखतेय. आरशात बघून तपासली. दाढेत काही नाही.

८ मार्च, रविवार

कोचबाईंना पत्र लिहायचं ठरवलं. प्रामाणिकपणा हा माझा स्वभावच आहे, फक्त शब्द नेमके हवेत.

पहिला मसुदा: 'बांबूच्या दिशेने जाणं घडलं.'

दुसरा मसुदा: 'कागदाबाबत काही गैरसमज निर्माण झालेला दिसतो.'

तिसरा मसुदा: 'टाच मारली गेली असावी.'

करणाऱ्याला वाक्यातून गायब करायची सोय मराठीत इतकी उत्तम आहे, हे शाळेत कधी जाणवलं नव्हतं. तिन्ही मसुदे फाडले. चौथ्याची सुरुवात 'मी' पासून केली आणि तासभर तिथेच थांबलो.

प्लास्टर निघाल्यावर प्रत्यक्षच सांगावं. पत्र फार कोरडं वाटतं.

२२ मार्च, रविवार. दुपारी १२

परवा प्लास्टर निघालं. हात खाली वाळक्या काकडीसारखा. सबब उरली नाही.

बायको म्हणाली, मी बरोबर येऊ? मी म्हणालो, कशाला. ती आली.

फाटकावर मोतद्दार उठून उभे राहिले आणि हात कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत बघायचं राहून गेलं.

कोचबाई ऑफिसात खोगीर पुसत होत्या. मनाशी सुंदर प्रस्तावना तयार केली होती, ती सगळी विसरलो. सरळ सांगितलं. कागद उडाला नव्हता. तुम्ही फोनला गेलात आणि मीच घोडी बांबूकडे वळवली. टाच मारली. ती बिचारी सांगितल्याप्रमाणे निघाली, काही कुरकुर नाही. बांबू जवळ आला तेव्हा मी घाबरलो आणि लगाम खेचला. ती तोवर उडी घेत होती. अर्ध्यात तिचं डोकं मागे ओढलं गेलं, पाय बांबूत अडकला आणि ती वाकडी उतरली.

आणखी एक सांगितलं. ते आजवर इथेही लिहिलं नव्हतं. मी पडल्यावर ती पळाली नाही. लगाम लोंबत होता, मैदान मोकळं होतं. पण दुखरा पाय वर धरून ती तीन पायांवर माझ्या शेजारी उभी राहिली, लोक येईपर्यंत.

कोचबाई खोगीर पुसायच्या थांबल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या उठून फाटकावर गेल्या आणि मोतद्दारांना घेऊन आल्या.

"आता हेच यांना सांगा," म्हणाल्या.

पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त जड गेलं. मोतद्दारांनी ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.

"म्हणजे गाठ पक्की होती?"

"पक्की होती."

"बरं."

एवढंच. वळले आणि तबेल्यात गेले. आम्ही खिडकीतून पाहिलं. मास्तरणीच्या पायाशी उकिडवे बसून त्यांनी शिरेवरून बोट फिरवलं, मग बराच वेळ तिच्या गुडघ्याला कपाळ टेकून बसून राहिले. कोचबाईंनी तोंड फिरवलं. त्यांनाही माफी मागायची होती, असं मला वाटतं.

नंतर माझा निकाल लागला. कोचबाई म्हणाल्या, मी सांगेपर्यंत या क्लबात घोड्यावर बसायचं नाही. उद्यापासून सकाळी सहाला यायचं, लीद उचलायची.

थोडक्यात, तबेल्याच्या व्यवस्थापनात मला सामावून घेण्यात आलं आहे.

दाढ दुखायची थांबली.

५ एप्रिल, रविवार

व्यवस्थापन चालू आहे. रोज सात ढकलगाड्या. पाठ पुन्हा प्रश्नचिन्ह.

आज मास्तरणीने दरवाजावरून मान बाहेर काढून माझ्या खांद्यावर नाक ठेवलं. मी परिस्थितीचा नीट अंदाज घेण्यासाठी ढकलगाडीच्या पलीकडे गेलो. जरा वेगाने. मोतद्दार म्हणाले, डॉक्टर, हुंगतेय ती. मी म्हणालो, माहितेय. ते म्हणाले, मग गाडीत का बसलात.

आता बोलतात माझ्याशी. कामापुरतं. चहा मात्र दोन कप आणतात.

घोडी रोज दहा मिनिटं हाताने धरून चालवतात. दोर मोतद्दारांच्या हातात, दुसऱ्या बाजूने बायको. लंगडणं कमी झालंय. मी मागून, सुरक्षित अंतरावरून, टापांचे ठसे तपासतो. हेही कोणीतरी करायला हवं.

१० मे, रविवार

जनावरांच्या डॉक्टरांनी मशीन लावून पाय पाहिला. शीर छान भरून येतेय. असंच राहिलं तर महिन्याभरात माणूस बसवून नुसतं चालवता येईल.

संकल्प: तो माणूस मी. ज्याने तिचा पाय दुखावला त्यानेच पुन्हा बसावं, यात एक न्याय आहे. साडूंना सांगून टाकलं. शेजाऱ्यांनाही. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असताना सविस्तर सांगतो, कोणी मध्ये बोलत नाही.

नवीन हेल्मेट घेतलं. घरी सोफ्याच्या हातावर बसून सराव सुरू केला. पाठ ताठ, टाचा खाली, नजर समोर. भीती शून्य.

१७ मे, रविवार

सोफ्यावरून पडलो. फार नाही. डावीकडे.

७ जून, रविवार. सकाळी ११

मोठा दिवस. साडेपाचलाच तयार. हेल्मेट घरूनच घालून निघालो.

मैदानात कोचबाई, मोतद्दार, जनावरांचे डॉक्टर. मास्तरणीवर चार महिन्यांनी खोगीर. कान पुढे, मान उंच. मी पुढे झालो. हेल्मेटचा पट्टा तिसऱ्यांदा तपासला, नवीन वस्तूचं सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, आज साठ किलोच्या आतलं माणूस हवं.

कोचबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. थेट बायकोला म्हणाल्या, तुम्ही बसा. ती तुम्हाला ओळखते.

मला अतिशय वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर इतकं हायसं वाटलं की तिथेच खाली बसावंसं वाटलं. हेल्मेट काढून बायकोला दिलं. तिला मोठं होत होतं, पट्टा आवळून दिला.

मोतद्दारांनी घोडीचा दोर सोडला आणि माझ्या हातात दिला.

एक फेरी मारायची होती. घोडीच्या नाकाचा गरम श्वास माझ्या कोपरावर. अर्ध्या वाटेवर बायकोला धीर द्यावा म्हणून वर बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. खोगिराची पुढची कड दोन्ही हातांनी धरलेली.

"घाबरलीस?"

"मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. मला मांजराचीसुद्धा वाटते. तुम्ही कधी विचारलंत?"

"मग चार महिने रोज कशी येत होतीस?"

"घाबरत घाबरत," ती म्हणाली. "जरा हळू चाला."

हळू चाललो. मास्तरीणही हळू झाली. फेरी पूर्ण व्हायला नऊ मिनिटं लागली. घोडी लंगडली नाही. बायको पडली नाही.

मी नुसताच चालत होतो. तरी एकदा ठेचकाळलो.