शीलाचे दात

६ जानेवारी, सोमवार

हात पुढं, नखं दाखवा, तोंड उघडा! चौतीस पोरांत पुन्हा एकटी शीलाच. दात पिवळे-तपकिरी, पुढच्या एकाचा कोपरा उडालेला. चौथीतली पोरगी, जूनपासून सांगतेय! आजही दारात उभी केली. म्हणते, "घासलेत मॅडम." खोटं! तिच्या आईला, कासाबाईला, पुन्हा निरोप धाडला. मेंढरांची निगा राखतात ही माणसं, पोरीच्या तोंडाकडं बघायला सवड नाही.

८ जानेवारी, बुधवार

पत्र आलंय. शुक्रवारी परभणीहून पथक येणार. पोरांच्या दातांचे फोटो काढणार, आणि कुणाच्या दातावरचं कवच कच्चं ते टॅब सांगणार! शाळेच्या नळाला पाणी नाही, दातांना कॅमेरा! आमचे मुख्याध्यापक व्यंकटराव लय खूश. "मॅडम, ए.आय. हाय ते!" डोंबल.

१० जानेवारी, शुक्रवार

आले. डॉक्टर भागवत — पोरसवदा, हातात पेनाएवढा कॅमेरा, त्याला निळा उजेड. दोष असेल तिथं टॅबवर लाल गोल उमटतो म्हणे. पहिल्याच पोराच्या दातावर गोल! डॉक्टरांनी टोकरलं तर निघालं हरभऱ्याचं टरफल. मी मोठ्यानं हसले. एवढ्यासाठी गाडीभर माणसं आली!

मग शीला. तोंडच उघडेना. मी म्हटलं, "हिला मशीन कशाला? नुसती घाण आहे." टॅबवर सहा गोल. "बघा, हीपण टरफलंच असतील!"

डॉक्टर हसले नाहीत. कापसानं दात पुसले, वाळवले, पुन्हा फोटो घेतला. गोल तिथंच.

"मॅडम, ही घाण नाही. ही तान्ही असताना हे दात आत तयार होत होते, तेव्हाच कवच कच्चं राहिलंय. घासून जाणार नाही. परभणीला आणा, लेप लावून वाचतील तेवढे वाचवू." मग तिच्या हिरड्या बघून थबकले. "कशानं घासतेस गं?"

"विटकरीच्या भुकटीनं."

"किती वेळा?"

"चारदा. तरी जाईना."

व्यंकटराव माझ्याकडं बघायला लागले. बघू देत! टरफलाला दोष म्हणणारं यंत्र ते.

११ जानेवारी, शनिवार

स्वतःच खात्री करायची ठरवली. नवा ब्रश, पेस्ट घेऊन शाळेत गेले. शीलाला माझ्यासमोर घासायला लावलं. फेस लाल झाला. डाग होता तसाच. मी "बस" म्हटलं तरी थांबेना. माझ्याकडं बघत घासतच राहिली. शेवटी हात धरला.

सगळ्या वर्गापुढं सांगितलं — शीला रोज दात घासते. चूक माझी. ती खालीच बघत होती.

सात महिने! आणि स्वतःला हुशार समजत होते मी. टॅब निदान दुसऱ्यांदा नीट बघतो तरी.

१२ जानेवारी, रविवार

शीलाच्या घरी गेले. सगळं सांगितलं. कासाबाईनं हातातला पाला खाली ठेवला. पोरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा निरोप आला की मारत होते मी हिला. त्याचं आता काय करू, मॅडम?"