कोरड्या काउंटीची सवलत

लोन बट,
१९ सप्टेंबर १९९३

प्रिय रग्ना,

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. तसं मागच्या तीन पत्रांना तुझं उत्तरच आलेलं नाही, तेव्हा उशीर तरी कशाचा म्हणायचा! टकोमात पाऊस असेल. इथे ऑगस्टपासून थेंब नाही, चालताना गवत वाजतं. बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण कुंपणाच्या तारा अजून स्वतःच ओढतात आणि मदतीला गेलं की वसकन अंगावर येतात.

मी मात्र कचऱ्यात बुडालेय. क्लिफर्ड गेल्यावर विधवेचा वेळ जायला हवा म्हणून काउंटी बोर्डाची निवडणूक लढवली आणि दुर्दैवाने निवडून आले. रस्ते, पूल, उंदीर, सगळं सोसलं. पण हा कचरा डेपो माझा जीव घेणार आहे.

वॉशिंग्टनने देशभरच्या डेपोंसाठी नवे नियम काढलेत. खड्ड्याच्या तळाला जाड प्लास्टिकचं अस्तर, भोवती पाणी तपासायला बोअर, रोज संध्याकाळी कचऱ्यावर माती. शिकागोला हे ठीक आहे. आपल्या काउंटीत माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा टोळ जास्त. एवढा खर्च करायचा तर शाळेची बस बंद करावी लागेल. राज्याने त्यातल्या त्यात शहाणपणा केला. परवान्याचे स्वतःचे नियम लिहिले आणि त्यात लहान, कोरड्या काउंटींना सवलत ठेवली. पण राज्याचे हे नियम वॉशिंग्टन मंजूर करत नाही तोवर ती सवलत द्यायचा राज्याला अधिकार नाही. आणि मंजुरी काही येत नाही.

राजधानीत वेलँड म्हणून एक गृहस्थ हे काम बघतात. मी दर सोमवारी त्यांना फोन करते. फार सभ्य माणूस. इतका सभ्य, की फोन ठेवल्यावर लक्षात येतं, याने आपल्याला काहीच सांगितलं नाही. कागद वर गेलेत. वरून प्रश्न आले. प्रश्नांची उत्तरं गेली. उत्तरांवर पुन्हा प्रश्न आले. आमचा अध्यक्ष ऑर्व्हिल स्टेनेरुड, तोच तो ट्रॅक्टरच्या दुकानवाला, मला म्हणतो, बाईचा आवाज ऐकला की ही माणसं मऊ पडतात, तूच करत जा फोन. मी विचारलं, तुझ्या बायकोच्या आवाजाने तू कधी पडलायस का मऊ? तेव्हापासून तो जरा गप्प आहे.

बाबांना डेपोचा विषय काढलेला आवडत नाही. डेपोसाठी घराच्या वरच्या अंगाची ती घळ त्यांनीच काउंटीला फुकट दिली होती, तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हा. अजून अभिमानाने सांगतात: "काउंटीने मागितली, मी दिली."

बाकी ठीक.

तुझी,
थोरा


लोन बट,
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय रग्ना,

थंडी अशी आहे की गाडीचं दार उघडताना हँडल हातात आलं. तुझ्याकडे सगळे ठीक असतील असं धरून चालते, कारण दुसरं काही हातात नाही.

मंजुरी आली! राज्याचे नियम वॉशिंग्टनला पसंत पडले. वेलँड स्वतः फोनवर आले, आणि शपथेवर सांगते, त्यांचा आवाज भरून आला होता. बिचाऱ्याला बहुधा सगळ्याच काउंटीतून माझ्यासारखी एकेक थोरा फोन करत असणार. ऑर्व्हिलच्या बायकोने रुबार्बच्या वड्या केल्या, कोर्टाच्या इमारतीत कॉफी झाली, आणि ऑर्व्हिलने भाषण करून सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. मी वड्या खाल्ल्या.

आता सवलतीचा अर्ज करायचा. लहान काउंटी, बरोबर. पाऊस कमी, बरोबर. जवळपास दुसरा डेपो नाही, बरोबर. एक अट मात्र राहते: डेपोमुळे जमिनीखालचं पाणी बिघडल्याची खूण नको. त्यासाठी सगळ्यात जवळच्या बोअरचं पाणी तपासून पाठवायचं.

सगळ्यात जवळची बोअर बाबांची आहे.

मीच जाऊन स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. बाबा गोठ्यात होते. काउंटीचं काम आहे एवढंच सांगितलं, त्यांनीही काही विचारलं नाही. उत्तर यायला वेळ लागेल म्हणतात. इथे कशाला वेळ लागत नाही?

एक विचारायचं होतं. आईच्या दफनानंतर आपण घरी जेवायला बसलो, तू कॉफीचा कप बाजूला सारलास आणि म्हणालीस की पाण्याला वास येतोय. पुढचं सगळं मला आठवतं, ते उगाळत नाही. बाबांना वाटलं, तू त्यांच्या घराला नाक मुरडतेयस. पण तो वास कसला होता, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मला तर कधीच आला नाही. रोज पिणाऱ्याला येत नसेल. एवढं एक कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

माझी पाठ धरलीय, बहुतेक थंडीने.

तुझी,
थोरा


लोन बट,
२६ जून १९९४

प्रिय रग्ना,

तुझं कार्ड मिळालं होतं. एकच ओळ, "ड्रायक्लीनिंगहून आणलेल्या कोटासारखा." बारकं अक्षर अजून तसंच आहे तुझं. कार्ड आलं त्याच आठवड्यात पाण्याचा निकाल आला, आणि निकालातही तेच होतं, ड्रायक्लीनिंगचं रसायन. गावातली लाँड्री बंद पडेपर्यंत कपडे धुऊन उरलेलं द्रावण त्या घळीतच ओतत होते. तेव्हा तसं करू नये हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते खाली मुरत मुरत घरापर्यंत आलं.

इतके दिवस का लिहिलं नाही ते आता सांगते.

निकाल घेऊन मी आधी ऑर्व्हिलकडे गेले. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, बोअर म्हणजे बोअर, तुझ्या बाबांची गाईंची दुसरी बोअर आहे ना टेकडीवर, तिचं पाणी पाठव. मी उठून आले. वाटलं, बाबांना कळलं तर ते याची कातडी सोलतील. म्हणून तशीच बाबांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

रग्ना, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ऑर्व्हिलचीच बाजू घेतली.

म्हणाले, "मी एक्याऐंशीचा झालो. माझं आता काय बिघडायचं राहिलंय? वरच्या बोअरचं पाठव. लोकांना डेपो हवाय."

मी म्हटलं, "बाबा, ते पाणी फक्त तुम्ही नाही प्यायलात. आई प्यायली. लग्न होईपर्यंत मी प्यायले. रग्ना प्यायली."

खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "ते मला सांगू नकोस."

एवढंच. टोपी घातली आणि गोठ्यात गेले.

मी बोर्डाच्या सभेत निकाल वाचून दाखवला. अर्धी काउंटी जमली होती. कुणी ओरडलं नाही, आपली माणसं कुठे ओरडतात? फक्त उठून जाताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही. वेलँडना कळवलं. ते म्हणाले, "मिसेस हॉगेन, मला फार वाईट वाटतं." इतक्या फोनांत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. सवलत गेली. डेपोच्या फाटकाला कुलूप लागलं. कचरा आता दोन तासांच्या वाटेवर दुसऱ्या काउंटीत जातो, आणि त्याचा भार प्रत्येकाच्या करात लागलाय. ज्यांना तो भरायचा नाही, ते पिशव्या माझ्या पायरीवर आणून ठेवतात. परवा कुणी मेलेला कोल्हा टाकला होता.

मग मला बोर्डावरून काढायला सह्या गोळा झाल्या. पहिली सही बाबांची. ठसठशीत, पूर्ण नाव. ऑर्व्हिललाही तो कागद दाखवताना लाज वाटली.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे माझ्याकडे जेवायला आले. मी दारातच विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्याविरुद्ध सही केलीत?"

"केली," ते म्हणाले. "म्हणून काय उपाशी राहू?"

आत आले, बसले, रोस्ट खाल्लं, आणि माझ्या नळाचं तीन ग्लास पाणी प्यायले. निघताना ट्रकमधून दुधाचे दोन मोठे रिकामे कॅन काढले आणि पाण्याने भरून द्यायला सांगितले. कुत्र्यासाठी हवंय म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी कॅन येतात. त्यांचा कुत्रा ओढ्यावर पाणी पितो, हे सगळ्या काउंटीला ठाऊक आहे. मी भरून देते. सरकारी माणूस नवी बोअर खोदायचं विचारायला आला, तर त्याला फाटकातूनच परतवून लावला. घर सोडा म्हटलं तर ऐकूच येत नाही. सांग, या माणसाचं काय करायचं?

त्या सह्यांवरून मतदान झालं, आणि मी पडले. सोमवारी फोन कुणाला करायचा, हे कळेनासं झालंय, बाकी काही नाही.

आता राहिलेलं. हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि प्रत्येक वेळी इथवर येऊन थांबले. माझी पाठ थंडीने धरली नव्हती. मूत्रपिंडात गाठ आहे. अठरा जुलैला बिलिंग्जच्या हॉस्पिटलात काढणार आहेत. पाण्यामुळे झाली का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, ते कुणीच सांगू शकणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तूही विचारू नकोस, पण स्वतःला तपासून घे. याच आठवड्यात. नर्स म्हणून लोकांना सुया टोचतेस तशी एकदा स्वतःला टोचून घे.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी ते घळीकडे बघतील आणि पुन्हा खिडकीकडे बघत बसतील, आणि तेव्हा त्यांच्यासमोर एकटीने बसायची माझ्यात ताकद नाही. सांगायचं ते आपण दोघींनी सांगू. ते तुला पुन्हा घालवून देणार नाहीत. दिलंच, तर माझं घर आहे, आणि रविवारी जेवायला ते तिथेच येतात.

तिकीट काढ.

या वेळी उत्तर हवंच असलेली,
तुझी ताई,
थोरा