न मरणाऱ्या झाडांची ड्यूटी

३ नोव्हेंबर
चिरंजीवांचा फोन. बाळाला घेऊन महिनाभर राहायला येतो म्हणाले. अट एकच: घरात सिगारेटचा वाससुद्धा नको. बाळाची छाती नाजूक आहे, डॉक्टरांनी बजावलंय. नात चार महिन्यांची झाली आणि मी तिला अजून फोनच्या पडद्यावरच पाहतोय. गालाला बोट लावायला जावं तर फोन कट होतो. मी ताडकन म्हणालो, सोडली! ही स्वयंपाकघरातून धावत आली. खरंच का, म्हणाली. डोळ्यांत पाणी. आता माघार नाही.

४ नोव्हेंबर, सकाळ
सोडली.

४ नोव्हेंबर, दुपार
एकदम सोडणं चूक. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून उभी हयात गेली. चालू मशीन झटक्यात बंद करू नये, हे लोकांना मीच शिकवलं. टप्प्याटप्प्याने.

५ नोव्हेंबर
पेपरच्या पुरवणीत लेख: घरातली झाडं हवा शुद्ध करतात. डोक्यात लख्ख प्रकाश. मूळ प्रश्न सिगारेटचा नाहीच, हवेचा आहे! नर्सरीत गेलो. बाईंनी विचारलं, घरात ऊन कुठून येतं, पाणी कोण घालणार. मी म्हटलं, ते राहू द्या, न मरणारी द्या. स्नेक प्लांट, मनीप्लांट, स्पायडर प्लांट दिले. विसरलात तरी जगतात म्हणाल्या, फक्त फाजील लाड करू नका.

६ नोव्हेंबर
ड्यूट्या लावल्या. स्नेक प्लांट हॉलमध्ये, मनीप्लांट स्वयंपाकघरात, स्पायडर बाथरूमच्या खिडकीत. सर्वांत जोखमीची पोस्ट तीच. तिथे मी असतो.

१० नोव्हेंबर
हिने बहिणीला, मैत्रिणींना, सगळ्यांना फोन करून सांगितलं. शेजारचे प्राध्यापक अभिनंदनाला आले. कसं जमवलंत, म्हणाले. मी इच्छाशक्तीवर तासभर बोललो. इतकं बोलल्यावर तल्लफ येणारच. ते जिना उतरेपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही.

१४ नोव्हेंबर
स्पायडरची टोकं तपकिरी पडली. ही काळजीत. मी मात्र खूश: धूर शोषतोय, काम चोख! तरी माणुसकी म्हणून त्याला हॉलमध्ये विश्रांती दिली आणि स्नेक प्लांटला बाथरूममध्ये पाठवलं. थोटकांची अडचण होतीच. कचऱ्याचा डबा ही रिकामा करते, फ्लश केलं तर वर तरंगतात. कुंडीतली माती मऊ आहे. शिवाय तंबाखू म्हणजे पानच की. खत होईल.

१९ नोव्हेंबर
स्नेक प्लांटचं एक पान मऊ पडून आडवं झालं. ही रोज सकाळी तिन्ही झाडांची पानं ओल्या फडक्याने पुसते. आज म्हणाली, तुम्ही बाळासाठी एवढं केलंत, मग मी निदान ही झाडं तरी जगवते. मला भरून आलं. तिथल्या तिथे सगळं सांगून टाकणार होतो. धीर गोळा करायला बाथरूममध्ये गेलो. बाहेर आलो तोवर ती बाळाची दुपटी शिवायला बसली होती. उगाच कशाला कामात व्यत्यय?

२३ नोव्हेंबर
उद्या येणार. घरात पाकीट राहणं धोक्याचं, म्हणून उरलेल्या सगळ्या आजच संपवल्या. सुरक्षा प्रथम. उद्यापासून नवा माणूस.

२४ नोव्हेंबर
आली! वजन असं काही नाहीच, नुसती ऊब. माझ्या मिशा धरून ओढल्या, सोडेचना. सूनबाईंनी झाडांचं कौतुक केलं. चिरंजीव म्हणाले, बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल. दिवसभर एकही नाही. शप्पथ.

२५ नोव्हेंबर
एकच. बाळ झोपलं होतं.

२६ नोव्हेंबर, दुपार
घात झाला. सूनबाईंना झाडांचा भारी सोस. स्नेक प्लांटची मुळं कुजली असावीत म्हणाल्या, माती बदलू या. हॉलमध्ये पेपर पसरले. मी कडाडून विरोध केला: ड्यूटीवरच्या कामगाराला हलवू नये. सगळे हसले. हिनेच हसत हसत कुंडी पालथी केली.

माती थोडी निघाली, थोटकंच जास्त.

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सूनबाई बाळाला उचलून आत गेल्या. चिरंजीव बॅग भरू लागले. ही पेपरवर पसरलेल्या त्या ढिगाकडे बघत बसली. मी रोज पानं पुसत होते, एवढंच म्हणाली.

२७ नोव्हेंबर
सगळे सूनबाईंच्या माहेरी गेले. हीसुद्धा. बाळाला सांभाळायला कोणी हवं ना, म्हणाली. परत कधी, ते मी विचारलं नाही. टॅक्सीच्या काचेतून बाळ माझ्याकडे पाहून हसलं. तिला अजून कोणी सांगितलं नसावं.

३ डिसेंबर
स्नेक प्लांट नव्या मातीत लावला. पेपर मीच उचलले. आता घरात लपवायला कोणी नाही, तरी ओढायला खाली रस्त्यावर जातो. घरात धजत नाही. आता पानं मी पुसतो. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं म्हणजे किती वेळ जातो, हे ठाऊक नव्हतं.

२५ डिसेंबर, सकाळ
स्नेक प्लांटला कोंब! नखाएवढा, पण कोंब. हिला सांगायलाच हवं. ऐकून परत येईल. येईलच. आजपासून खरोखरच बंद. संध्याकाळी फोन करतो.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
धीर यावा म्हणून खाली जाऊन शेवटची पेटवली आणि फोन लावला. हिने पहिलंच विचारलं, सोडलीत का. हो म्हणालो. ती म्हणाली, खोटं बोलताना तुम्ही धूर सोडता, तो मला फोनवर ऐकू येतो. मी म्हटलं, छे, आता नाही. मग म्हणाली, आज बाळ पालथं पडलं, ऐका, आवाज काढतंय. आणि फोन तिच्याजवळ धरला.

नुकताच झुरका घेतला होता. आत रोखून धरला. नात आ-आ करत होती, मध्येच खिदळली. छाती फुटायची वेळ आली तरी धरून ठेवला. मग खोकला आला तो थांबेचना.

थांबला तेव्हा फोन बंद झालेला होता. कोंबाचं सांगायचं राहूनच गेलं.