सलोमीची स्लाइड

४ मे
पोचले एकदाची बेटावर. होडीतून उतरताना कमरेपर्यंत भिजले, पण मायक्रोस्कोपची पेटी डोक्यावर धरली होती, ती कोरडी राहिली. किनाऱ्यावरच्या बायका हसत होत्या. त्यातली एक ठेंगणी म्हणाली, "होनियाराची, राजधानीतली पोरगी बघा, स्वतः बुडेल पण पेटी बुडू देणार नाही." तिचं नाव सलोमी, दवाखान्याच्या शेजारीच राहते.

दवाखाना खांबांवर उभा आहे, समुद्राकडे तोंड करून. सिस्टर हिल्डा इथल्या एकट्या नर्स. मिठी मारून म्हणाल्या, "देवानं डोळे पाठवले. मला आता सुईदेखील ओवता येत नाही." मलेरियाच्या झटपट तपासणीच्या पट्ट्या कधीच्या संपल्यात. म्हणजे या गावाचा ताप आता मी आणि माझी पेटी ओळखणार. जेवायला रताळी आणि नारळाच्या दुधातला मासा होता. दोनदा वाढून घेतलं.

७ मे
टेबल खिडकीशी लावलं. इथल्या बॅटरीवर भरवसा नाही, म्हणून दिवा काढून आरसा बसवला. थेट ऊन घेत नाही, ढगांवरून येणारा मऊ उजेड घेते. भिंगं पुसली, नळी वरखाली करणारी चाकं फिरवून पाहिली. प्रवासात काही हललेलं नाही.

मग सिस्टरना गंमत दाखवली. ओढ्याच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि स्लाइडच्या खालच्या भिंगाखाली काळ्या कागदाची चकती सरकवली. मधला उजेड अडतो, फक्त कडेचा तिरपा येतो, आणि पाण्यातले जीव काळ्या आभाळातल्या चांदण्यांसारखे चमकू लागतात. सिस्टर बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हेच पितो होय आपण?" दिवसभर त्यांनी पाणी उकळून उकळून प्यायलं.

१५ मे
रोज चार-सहा स्लाइडी असतात. बोटातलं रक्त, काचेवर जाड थेंब, जांभळा रंग. सुकलं की वर तेलाचा थेंब, आणि सर्वांत मोठं भिंग त्या तेलात टेकवायचं. हवेत उजेड फाकतो, तेलात फाकत नाही. मग सागो माडाच्या पानांनी छप्पर शाकारतात तसं ओळीओळीनं सरकत जायचं. लाल ठिपक्याला निळी कडी दिसली की मलेरिया. आणि शंभर जागा पाहिल्याशिवाय "नाही" म्हणायचं नाही, हे आम्हाला प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

सलोमीनं मला नेटबॉलच्या संघात ओढलंय. माझ्या हातून चेंडू सुटला की ओरडते, "काय गं नोएलिन, हात काचांसाठी राखून ठेवलेत का?" तिचा नवरा सेल्विन मासेमारी करतो. मुलगी जेमायमा अजून रांगते. संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर असते मी. इतक्या लवकर कुणी मला आपलं म्हटलं नव्हतं.

२४ मे
सामना जिंकलो! पलीकडच्या गावात, एका गोलनं. तो गोल मी मारला.

सकाळी सलोमीला ताप होता. तिचं रक्त घेतलं, स्लाइड केली. होडी थांबली होती, पोरी खालून हाका मारत होत्या. विसेक जागा पाहिल्या, काही नव्हतं. "नाही" असं सांगितलं. सलोमी म्हणाली, "मग पळ. माझ्या जागी उभी राहतेयस, लाज आणू नकोस." सिस्टरनी तापाची गोळी देऊन तिला घरी पाठवलं.

२६ मे
सलोमी गेली. पहाटे झटके आले, मग शुद्ध नाही. सेल्विननं तिला होडीत घालून मोठ्या दवाखान्याकडे नेलं. वाटेतच.

२७ मे
तिची स्लाइड पुन्हा लावली. मी थांबले होते त्याच्या पुढच्याच ओळीत कड्या आहेत. कड्याच कड्या.

स्लाइड धुऊन टाकली.

सिस्टर म्हणाल्या, "तू तरी काय करणार पोरी, रक्तात नव्हतंच तर." मी मान डोलावली. खरंच डोलावली.

३१ मे
सेल्विन मासा घेऊन आला. नको म्हटलं तर वाईट वाटलं त्याला. म्हणाला, "ताई, ठेवून घे. ती सगळ्यांना सांगायची, नोएलिन डोळ्यांत तेल घालून बघते."

मासा शिजवला. खाल्लासुद्धा.

२ जून
आज भिंगात मधोमध एक काळा ठिपका. मळ कुठे आहे हे शोधायची पद्धत ठरलेली असते. स्लाइड सरकवली. ठिपका सरकला नाही, म्हणजे स्लाइडवर नाही. डोळ्याकडचं भिंग फिरवलं. फिरला नाही, म्हणजे तिथंही नाही. स्लाइडकडची भिंगं एकेक बदलली, आरसा पुसला. ठिपका तिथंच. सिस्टरना बघायला लावलं. त्यांना स्वच्छ दिसतं.

४ जून
मोठ्या भिंगाखाली तो ठिपका ठिपका नाही. डोळ्याची बाहुली आहे. भोवती तपकिरी कडा, पांढरा भाग, पापणी. माझाच डोळा भिंगात उमटला असेल, असं होतं कधी कधी. म्हणून मी पापणी मिटून उघडली.

तो मिटला नाही. नंतर मिटला. मी डोळे उघडे ठेवले होते तेव्हा.

५ जून
काळी चकती घालून पाहिली. सगळं अंधारलं की तोही जाईल म्हणून. गेला नाही. काळ्यात एकटाच चमकत होता, ओला.

सलोमीच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात एक तीळ होता. मी कधी नीट पाहिला नव्हता. आज भिंगात पाहिला.

८ जून
जेमायमाला ताप. सेल्विन तिला छातीशी धरून उभा. सिस्टर म्हणाल्या, बघ गं लवकर.

बोटातलं रक्त घेतलं, स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला. भिंग टेकवलं. तो डोळा एवढा मोठा की मागचं रक्त दिसेना. जिथं सरकावं तिथं तोच. सिस्टर विचारत होत्या, आहे की नाही? आहे की नाही?

"नाही" तोंडापर्यंत आलं होतं. सोपं होतं.

मी म्हटलं, मला दिसत नाही. सलोमीचंही मी पुरतं पाहिलं नव्हतं. कड्या होत्या. स्लाइड धुतली मी.

सेल्विन पोरीला घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसला होता, त्यानं ऐकलं नाही. सिस्टरनी कपाट उघडलं आणि पोरीला मलेरियाचं औषध पाजलं. नंतर एवढंच म्हणाल्या, "त्याला तू सांगायचं. मी सांगणार नाही."

९ जून
जेमायमाचा ताप उतरतोय. दूध प्याली म्हणे.

मी सांगितलं नाही अजून. मायक्रोस्कोप पेटीत घालून कडी लावली —

१० जून
पेटी बंद आहे, तरी तो डोळा आहे. खिडकीतल्या ढगावर. कागदावर. हे लिहितेय त्या ओळीवर.

आधी वाटलं सलोमी रोखून बघतेय. नाही. सरकतेय. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, मग परत. मला ठाऊक आहे हे सरकणं. ती मला वाचतेय. घाई नाही तिला. कुणी हाका मारत नाहीये तिला —

सेल्विन येतोय. पोर कडेवर, हातात काहीतरी बांधून आणलंय माझ्यासाठी. हसतोय. तो आत आला की सांगणार. आधी सांगणार, मग बस म्हणणार —

थांबली. सरकायची थांबली ती. एकाच जागी. कडी सापडली तिला. सेल्विन दारात, "ताई" म्हणतोय, आणि माझ्या तोंडून "बस" —