अंगठ्याएवढं पितळ

प्रिय आ-श्वान,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच फेकून देशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून वर आपल्या गुरूंच्या, ल्याओ शिफूंच्या पेनांच्या दुकानाचा शिक्का मारलाय. लबाडीच, पण शेवटची. आत काय खुळखुळतंय ते शेवटी सांगते. इकडे फंगयुआनला शिफूंचा डावा डोळा गेला, तरी लेथवरून मलाच ढकलतात. म्हणतात, "सरक बाजूला, तुझ्या दोन डोळ्यांपेक्षा माझा एक बरा!" येत्या शरदाच्या पौर्णिमेला त्यांना ऐंशी पूर्ण होतील, आणि त्या दिवशी सगळ्या कारागिरांसमोर ते दुकान माझ्या हाती देणार, असं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात त्साई बाई आल्या. त्याच, लेकीच्या जावळाचं पेन करून घेणाऱ्या. टोपणाची पकड सैल झाली म्हणून आल्या होत्या. ते पेन मी अकरा वर्षांनी हातात घेतलं. काचेसारखं रेझिन, आत पांढऱ्या रंगवलेल्या पितळी नळीभोवती गुंडाळलेले ते मऊ केस, आणि केसांखाली पांढऱ्या रंगातून डोकावणारा पितळेचा पिवळा डाग. "केस दिसू देत. नळी दिसली की कारागीर उघडा पडला," हे शिफूंचं वाक्य आपण दोघी त्यांच्या आवाजात म्हणून हसायचो. अकरा वर्षांपूर्वी तो डाग दिसला त्या दिवशी मात्र ते तुझ्यावर कडाडले, "नळी पुसली होतीस का नीट? जावळ काय बाजारात मिळतं दुसरं आणायला?" आणि त्साई बाईंसमोर कमरेत वाकून उभे राहिले. नळ्या पुसून रंगवणं तुझं काम, म्हणून चूक तुझी. तू एवढंच म्हणालीस, "चुकलं." महिना सरायच्या आत तू हुआलिएनला बहिणीकडे निघून गेलीस.

या वेळी मी दिव्याखाली त्या डागावर माझा अंगठा ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. शिकाऊ असताना माझा अंगठा पटाशीनं कापला होता ना, त्या खाचेच्या जागी तेवढा रंग धरलाय. खरं सांगायचं तर बघायची गरज नव्हती, मला तेव्हाच कळलं होतं. त्या दुपारी तू नळी स्पिरिटनं पुसून कागदावर ठेवलीस आणि ब्रश धुवायला गेलीस. मी देवळासमोरून पातीच्या कांद्याची तेलकट पोळी खात आले, नळी साच्यात बसते का ते बघायला उचलली आणि परत ठेवली. त्यावर तू रंग दिलास. तेलावर रंग कसा टिकणार! रेझिन ओतल्यावर तेवढा सुटला. तुझ्या घरी आईचं व्रत, तू जन्मात कधी कांद्याला हात लावला नाहीस. हे शिफू विसरले, तू विसरली नव्हतीस. डाग दिसल्यावर तू नळीखालचा तो तेलकट कागद हुंगलास आणि एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी खाली वाकून भुसा झाडत बसले. इतकी वर्षं मी त्या गप्प राहण्याला भीती म्हणत आले. भीती नव्हती गं ती. शिफूंनंतर एकीलाच दुकान मिळणार होतं, आणि ती मी असावी, असं मला वाटत होतं.

काल सकाळी शिफूंना सगळं सांगितलं. त्यांनी लेथ बंद केला. पेन उजव्या डोळ्याशी धरलं आणि म्हणाले, "अकरा वर्षं? अगं, पितळसुद्धा याच्या आधी काळं पडतं!" त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यासमोर आपटली. "तिला पाठव. ती नाही म्हणाली तर गंजू दे कुलूप." ती किल्ली या पाकिटात आहे. क्षमा मागायला हे लिहीत नाही, तुझं होतं ते पोहोचवायला लिहिते आहे. तू आलीस तर दुकान तुझं, आणि नळ्या पुसायला मी. नाही आलीस तरी पौर्णिमेला सगळ्यांसमोर मी ते पेन ठेवणार आणि त्यावर माझा अंगठा. त्साई बाईंना विचारून ठेवलंय. किल्ली स्पिरिटनं पुसून पाठवली आहे. आधी दोनदा हात धुतले.

तुझीच,
पेई-चुन