दुसऱ्या दारावरचा नकार

सांता इनेस,
ता. २० डिसेंबर

आदरणीय माकारियोदादांना क्रिसोफोरो त्लापालेचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? पुएब्लाची थंडी त्याला मानवत नाही, असं मेलितोन बसवाला सांगत होता. (तो तुमची पत्रं आणतो आणि सोबत तुमच्या तब्येतीचा अहवालही. अहवाल जास्त सविस्तर असतो.) इकडे देवाच्या कृपेनं सगळे ठीक. पेत्रोनिला ठीक आहे, पण माझ्याशी मोजकं बोलते. तुमची बहीण एदुविगेसबाई ठीक आहेत, त्या माझ्याशी मुळीच बोलत नाहीत.

एक दार उघडलं तर ते खरं केवढ्याला पडतं, हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो: जिरेनियमच्या सात कुंड्या (फुलं गाढवानं खाल्ली, कुंड्या नुसत्या फोडल्या), एक बाक, आमच्या लग्नातलं पेत्रोनिलाचं मेजावरचं कापड, आणि तुमच्या बहिणीचं बोलणं. पहिल्या तीन गोष्टी भरून निघतील.

याला सुरुवात फादर निकानोरांनी केली. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, की मिसा संपली की तुमचा विश्वास तुम्ही बाकावरच विसरून जाता, आणि सोमवारी दुकानात असं तोंड करून बसता की येशू जन्मला नसून वारला आहे असंच गिऱ्हाइकाला वाटावं. सगळं देऊळ हसलं. मी हसलो नाही, कारण ते बोलताना माझ्याकडे बघत होते. तरी ते मी पचवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी देवळाच्या कोठीला कुलूप बसवत होतो, आणि भिंतीपलीकडे पोसादाची, म्हणजे मरिया-योसेफानं आसरा मागत दारोदार फिरायच्या नऊ संध्याकाळींची, बैठक चाललेली. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. दारावरची थाप ऐकून मी थाप मारणाऱ्याचं नाव सांगतो. कोणत्या संध्याकाळी शेवटी कोणाच्या घरी आत घेऊन जेवण, गाऊन नकार देणारी दोन दारं कोणाची, हे ठरत होतं. पहिल्या संध्याकाळचं जेवण एदुविगेसबाईंकडे, पहिला नकार औषधवाल्याचा. दुसऱ्या दारासाठी कोण, यावर तुमच्या बहिणीचा आवाज आला, "क्रिसोफोरोभाऊंना घ्या. त्यांना तालीम लागत नाही."

दादा, मी अनवाणी या गावात आलो, मागून आणलेल्या हातोडीवर भट्टी उभी केली. आज गावातल्या निम्म्या दारांना माझ्या कड्या आहेत, आणि माझ्या हातची कडी मालकाच्या मर्जीशिवाय उघडल्याचं कोणी दाखवून द्यावं. असा माणूस मधूनमधून नाही म्हणाला नसता तर आजही अनवाणीच असता. पण गावानं मला नुसता नकार म्हणूनच ओळखावं? मी तिथेच स्क्रू पिळता पिळता ठरवलं, की वर्ष संपेपर्यंत या तोंडून 'नाही' निघणार नाही, आणि जे करीन ते हसतमुखानं.

निश्चय लोकांना कसा कळतो देव जाणे. आठवड्यात माझी शिडी तीन गल्ल्या फिरून आली, बँडवाले माझ्या भट्टीत तालमीला बसले (त्यांचा तुतारीवाला अजून शिकतोय), आणि एका विधवेनं आपला टर्की दोन दिवसांसाठी ठेवला, तो अजून आहे आणि मला मालक मानत नाही. पेत्रोनिला म्हणाली, की तुमचा विश्वास आनंदी झाला, आता घरात माझ्यासाठी थोडी जागा झाली तर बरं.

तर सोळा तारखेची संध्याकाळ. मरिया झाली होती सुताराची सून, खरोखरच आठव्या महिन्यातली, पावाच्या भट्टीवाल्याच्या गाढवावर. मागे मेणबत्त्या घेऊन नव्वद माणसं. औषधवाल्यानं सुरात हाकललं. मग ते माझ्या दाराशी आले, आसरा मागायचं कडवं झालं, आणि माझी पाळी आली. दादा, मी विश्वासानं दार उघडलं. समोर ती पोर, पाय सुजलेले, नाक थंडीनं लाल. मी म्हणालो, "या, आत या."

गाणं मधेच थांबलं. नव्वद माणसांना पुढे काय गायचं ते ठाऊक नव्हतं. गाढवाला ठाऊक होतं, ते अंगणात शिरलं, मागोमाग गाव. चुलीवर एक भांडं घेवडा आणि पेत्रोनिलाच्या मक्याच्या सतरा तोर्तिया. तरी त्या संध्याकाळी माझ्या घरातून कोणी उपाशी गेलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

अर्ध्या तासानं एदुविगेसबाई आल्या. उघड्याच दारावर त्यांनी दोनदा टकटक केली. तुतारीवाल्यानं तुतारी खाली ठेवली.

"क्रिसोफोरोभाऊ," त्या म्हणाल्या, "जन्मभर तुम्ही नाही म्हणत आलात. आज एकदा म्हणायचं होतं, तेवढंच नाही जमलं?"

मी म्हणालो, "बसा ना."

त्या बसल्या नाहीत. परत गेल्या, आणि मक्याच्या पानात वाफवलेल्या तामालांचे हंडे, गरम फळांचं पोंचे, सगळं माणसांकरवी माझ्याकडे आणवलं. ("छाती पुढे काढून" असं वर लिहिलं आहे, ते थोडं मागे घेतो.) स्वतःच्या हातानं प्रत्येकाला दोन दोन तामाल वाढले. गाढवालाही काहीतरी मिळालं. मला ओलांडून पुढे गेल्या.

नंतर पेत्रोनिलानं सांगितलं ते तुम्हाला माहीतच असेल, मला नव्हतं. बाईंच्या यजमानांना, एवारिस्तोभाऊंना, तीन वर्षांपूर्वी शवपेटीतून ज्या दारानं बाहेर नेलं, ते पुढचं दार बाईंनी तेव्हापासून उघडलेलं नाही. त्या मागच्या दारानं येतात-जातात. ते दार पहिल्यांदा उघडायचं ते पवित्र कुटुंबासाठी, असा त्यांचा नवस होता. चौदा तारखेला त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी शीळ वाजवत तेल घालून आलो, आणि एवढे कान असून काही ऐकलं नाही.

चार दिवस त्यांच्या मागच्या दाराशी जातोय. आतून पावलांचा आवाज येतो, मग येत नाही. पण मी थांबणार नाही. पहिल्या संध्याकाळचा त्यांचा आनंद मी माझ्या दारात उधळला, आता त्यांच्या दारापर्यंत नेऊन दाखवीन.

गुडघ्याला सांभाळा. पेत्रोनिलाचा नमस्कार.

तुमचा,
क्रिसोफोरो

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. चोवीस तारखेची शेवटची संध्याकाळ माझ्या घरची आहे, नऊ वर्षांनी पाळी आली. ती मी एदुविगेसबाईंना देतो, फादरांना विचारलं आहे, सुताराची सूनही तयार आहे. मी फक्त दुसऱ्या दाराशी उभा राहीन आणि सगळी कडवी नाही, नाही म्हणेन, हसतमुखानं. माझं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. हे पत्र मेलितोनच्या हाती देतोय, उद्याच दोन ओळी लिहून त्याच्याच हाती पाठवा. त्यांनी त्या दिवशी पुढचं दार उघडावं, एवढंच.

दुसरा ता. क. तुम्ही तीस वर्षं देवळाची घंटा सांभाळली, तुमच्याशी खोटं नको. नकाराचं पहिलं कडवं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. गर्दीनं गाढव पुढे ढकललं, गाढवानं दार ढकललं, आणि कडी तुटली. 'आत या' हे मात्र माझं स्वतःचं होतं.

कडी माझ्याच भट्टीतली होती.